ओठावरचं पाणी

भातकापणी आली की भोरात ज्याला त्याला आंबेमोहोराचा वास येतो. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून खोल श्वास घेतात आणि म्हणतात, काय बाई सुगंध हा! मला मात्र या दिवसांत रबराचा वास येतो. उन्हानं चिकट झालेल्या, पावडर लावून डब्यात ठेवलेल्या लाल रबराचा. काकूंना हे सांगायची सोय नाही. त्या म्हणतील, डॉक्टरीण झाली आणि नाकातून गेली.

दवाखान्याच्या खिडकीतून पेंढ्याच्या गाड्या जाताना दिसतात. नदीपलीकडच्या खळ्यांवरून झोडणीचा धोप धोप आवाज येतो. थंडी अजून लाजत लाजत येते आहे. सगळं कसं छान आहे, आणि मला राग येतो. दरवर्षी येतो. यंदा जरा जास्तच आला, कारण परवा किकवीकडची एक बाई खोकल्याचं औषध न्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "आमच्या कोंडाबाई कुनाला आपल्या हातानं पानी देत न्हाईत. घरात पाव्हना आला तरी सुनंला हाक मारत्यात. गजरा ग्येली तवापासनं आसंच."

आपल्याकडे पाहुण्याला आधी काय देतात? पाणी. चूल पेटलेली नसेल, डब्यात गूळ नसेल, पण तांब्या पुढे येतोच. ती एवढीशी गोष्ट एका बाईच्या हातून काढून घेतली गेली. कोणी काढून घेतली तेही मला माहीत आहे, आणि म्हणून हा राग.

गजरा गेली तेव्हा दुसरी मोठी लढाई संपल्याला वर्ष झालं होतं. लढाईच्या दिवसांत मी पुण्याला एका इस्पितळात भूल द्यायला शिकले होते, आणि नंतर भोरात एका खाजगी दवाखान्यात दुसरी डॉक्टर म्हणून आले होते. पहिले होते ते थोरले डॉक्टर. माणूस मनानं वाईट नव्हता. फक्त चूक सापडली की ती ठेवायला त्यांना नेहमी दुसऱ्याचं घर लागायचं. माझ्याबद्दल त्यांचं मत साधं होतं: बाईनं बाळंतपणं करावीत.

लढाईचा उरलेला माल तेव्हा स्वस्तात निघत होता. त्यातली एक पेटी आमच्याकडे आली. तीत श्वासाच्या नळ्या होत्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडातून श्वासनळीत घालायच्या, बोटभर जाडीच्या रबरी नळ्या. नळीच्या खालच्या टोकाशी, बाहेरून, एक फुगा असतो. नळी आत गेली की बारीक पिचकारीनं तो फुगवायचा. म्हणजे नळीच्या भोवतीची फट बुजते, दिलेली हवा वर निसटत नाही आणि तोंडातली लाळ खाली फुप्फुसात उतरत नाही. या फुग्याला इंग्रजीत म्हणतात कफ.

कफ! छातीतला कफ तो कफ आणि छातीत काही उतरू नये म्हणून बसवलेला फुगा तोही कफ. आमच्या कंपाउंडरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, कफ धुऊन ठेवू?" मी खूप हसले होते. पुढं या शब्दानं मला हसू दिलं नाही.

या दिवसांत माणसं खळ्यावर राखणीला झोपतात. पेंढ्यात ऊब असते, उबेला उंदीर येतात आणि उंदरांमागे मण्यार. मण्यार चावली तर कळत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. सकाळी पोटात दुखतं, पापण्या उघडेनाशा होतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, झपाटलं. दुपारपर्यंत गिळता येत नाही, मग श्वास थकतो. विषावरची लस असते, पण उशिरा टोचली तर हे विष तिचं फारसं ऐकत नाही. मात्र दुसऱ्या कोणी दोन-तीन दिवस त्या माणसासाठी श्वास घेतला, तर तो उठून घरी जातो. पुण्याला मी हे ऐकलं होतं. भोरात करून बघायची वेळ गजरामुळे आली.

गजरा ही कोंडाबाईची लेक. नुकतं लग्न झालेलं, कापणीला माहेरी आलेली. किकवीहून गाडीत घालून आणली तेव्हा तिचे ओठ निळे पडायला लागले होते. मी नळी घातली. सोनाराकडून हाताचा छोटा भाता मागवला, धुतला आणि नळीला जोडला. बाजूला एक भोक ठेवलं. भाता दाबताना ते अंगठ्यानं बंद करायचं, हवा बाहेर यायची तेव्हा उघडायचं. थोड्या वेळात तिच्या नखांचा रंग परत आला. कोंडाबाई कॉटच्या पायाशी बसून होती. लेकीची छाती वर-खाली होताना बघून तिनं भिंतीला नमस्कार केला. भिंतीवर देव नव्हता, औषधांचं जुनं कॅलेंडर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत घरघर सुरू झाली. मी फुगा पुन्हा फुगवला, पुन्हा फुगवला. जहाजाच्या पोटात महिनोन्महिने तापून ते रबर कडक झालं होतं. फुगा एका अंगाला लिंबासारखा टरारून यायचा आणि दुसऱ्या अंगाला चुणीत तसाच राहायचा. मी थोरल्या डॉक्टरांना म्हटलं, "कफ गळतोय."

कोंडाबाईनं ते ऐकलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "कफ सुटला व्हय? आता बरं वाटंल माज्या लेकीला!" ती शेजारच्या कॉटवरच्या बाईला म्हणाली. तिच्या परीनं ते बरोबरच होतं. छातीतला कफ सुटला की माणूस बरा होतो, हे कोणत्या आईला माहीत नाही? मग तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, पिळलं आणि नळीच्या कडेनं लेकीच्या फुटलेल्या ओठांवरून फिरवलं. मायेनं, हळूच. पाण्याचा थेंब हनुवटीवर आला तोही तिनं पुसून घेतला. मी समोर होते. मी पाहिलं.

थोरल्या डॉक्टरांनीही पाहिलं. त्या वेळी ते पुढच्या कॉटकडे गेले. संध्याकाळी गजराला ताप चढला, छाती भरून आली, आणि मग त्यांना ते पाणी आठवलं. कॉटशी उभे राहून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पाणी पाजलंस ना तिला? तूच मारलीस तुझी पोरगी. अडाणी लोक! यांच्यापुढे शिकलेल्यांनी डोकं फोडून घ्यायचं."

"म्या फकस्त व्हटाला लावलं, सायेब," कोंडाबाई म्हणाली. "गिळाया कुठं येतंय तिला? म्या पाजलं न्हाई वो."

"गिळता येत नाही म्हणूनच छातीत गेलं!"

झालं. न्याय झाला. आरोपी सापडला, शिक्षा झाली, डॉक्टर चहाला गेले. मी त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले आणि भांडले. म्हटलं, नळी गळते आहे, स्वतःच्या लाळेनंच ती बुडते आहे, त्या आईचं काय घेऊन बसलात? त्यांनी कपातून डोकं वर न काढता विचारलं, "पुरावा?" उजाडायच्या आत गजरा गेली.

अडाणी या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. काय सोयीचा शब्द! कुठंही ठेवा, बसतो. नळी वाईट, रबर कुजकं, फुग्याला चुण्या, ते बनवणाऱ्यानं कधी या हवेत एक उन्हाळा काढलेला नाही. पण अडाणी कोण, तर ओल्या पदराची कोंडाबाई. खापर फोडायला लुगडं नेसलेलं डोकं लागतं. पाटलोण घातलेल्या डोक्यावर ते फुटत नाही.

पुरावा हवा होता ना? दवाखान्यात औषध मोजायची एक काचेची उभी नळी होती, बूड फुटलेली. तिची रुंदी साधारण माणसाच्या श्वासनळीएवढी. मी गजराच्या गळ्यातून काढलेली तीच नळी तिच्यात घातली, फुगा फुगवला आणि वरून पाणी ओतलं, कपड्यांना घालायची नीळ कालवून. क्षणभर पाणी वर थांबलं. मग फुग्याच्या एका चुणीतून निळी रेघ निघाली. घाई नाही, गडबड नाही. आपल्या घरात शिरावी तशी खाली उतरली आणि टेबलावर थेंब पडला. मग दुसरा. मी थोरल्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काच आणि माणूस यांत फरक असतो, बाई."

एवढं खरं बोलले. फरक असतोच. म्हणून मी खाटकाकडून बोकडाची श्वासनळी आणवली. भोरात ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. काकूंनी आमच्याकडचा हळदीकुंकवाचा फेरा चुकवला. कोणी म्हणालं, डॉक्टरीण बाटली. कोणी म्हणालं, एकटी राहते, चोरून रस्सा करत असेल. मी एकीला सांगितलं, रस्सा जमला की वाटीभर पाठवते. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही, त्यामुळे काम भराभर झालं.

बोकडाच्या नळीतही निळी रेघ उतरली. मग मी पेटीतल्या दुसऱ्या एका नळीचा फुगा कापून टाकला आणि ऑपरेशनच्या रबरी हातमोज्याचं बोट घेतलं. पातळ, मऊ रबर. दोन्ही टोकं रेशमी दोऱ्यानं नळीवर बांधली, हवा भरायला सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी आत सरकवली. अंगठ्याचं बोट घेतलं तर फुगा फार मोठा झाला. जागा कमी आणि रबर जास्त, म्हणजे चुण्या आल्याच, आणि जिथं चुणी तिथं निळी रेघ. लहान बोट घेतलं तर फट बुजायला इतकी हवा कोंबावी लागे की बोकडाची नळी आतून पांढरी पडे. जिवंत माणसाचा घसा तिथं सडला असता. मोठा केला तर गळतो, लहान केला तर गळा धरतो. तूप लावून पाहिलं, तर सकाळपर्यंत रबरच विरघळून चिकट. मी चिडून ते सगळं खिडकीबाहेर फेकलं आणि मग निमूटपणे जाऊन उचलून आणलं. हातमोजे दुसरे नव्हते.

नसरापूरला आमची भाताची खाचरं आहेत. त्या रविवारी मी तिथं गेले होते, रागानंच. वडील बांधावर उभे राहून शेवटच्या खाचरातलं पाणी थोपवत होते. बांधाला पाणी जायला मोरी असते. ती बुजवायला ते पेंढ्याचा बोळा करतात. लहानपणापासून मी तो बघत आले आहे. पुढं निमुळता, मागं रुंद, वरून चिखलाचा हात. आत रेटला की मोरीचं तोंड कसंही वेडंवाकडं असो, बोळा कुठं तरी अंगाला अंग लावून बसतोच. सगळीकडे बसायची गरज नसते. एका जागी नीट, बिनचुणीचा बसला की पुरे.

वडिलांना मी बोलता बोलता अर्ध्यावर सोडलं आणि भोरची सर्व्हिस मोटार पकडली. ते मागून ओरडले, "अगं, जेवून तरी जा!" हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक निमुळतंच असतं! आधी मी ते कापून टाकत होते, आता नळीपुरतं भोक पाडून तसंच ठेवलं. वर रुंद, खाली अरुंद, लांबीला जरा जास्त. चिखलाच्या ऐवजी ग्लिसरीनचा हात. काचेत घातलं, फुगवलं, नीळ ओतली. निळं पाणी वर उभं राहिलं. मी जेवून आले, ते उभंच होतं. बोकडाच्या नळीतही उभंच राहिलं. मला आनंद झाला असं म्हणावं, पण खरं सांगते, मला रडू आलं. एवढंसं होतं ते. एका बोटाएवढं.

कापणी संपायच्या आत वेल्ह्याहून हौसाला आणलं. तोरण्याच्या पायथ्याची, दोन लेकरांची आई, खळ्यावर झोपलेली. पापण्या मिटलेल्या, हात उचलून सोडला की पडत होता. माझ्या रबरी बोटाची नळी तिच्या गळ्यात गेली. त्यांच्या वावरात त्या दिवशी इर्जिक ठरली होती. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकाची कापणी उरकायची आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. हौसा पडली तसे ते विळे ठेवून तिच्याबरोबर आले होते. माझ्या हाताला गोळे आले तेव्हा तिचा दीर म्हणाला, "आमी धरतो की, बाई. इर्जिक ती इर्जिक." भाताची इर्जिक भात्याची झाली. गडी पाळीपाळीनं बसायचे. झोडणीला तोंडानं ताल धरतात तसा धरायचे. अंगठा चुकला की दुसरा गडी शिवी हासडायचा. तोंडात साचलेली लाळ मी रबरी पिचकारीनं ओढून काढत होते. छातीला कान लावला की आतून फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. घरघर नाही.

हौसाची सासू तांब्या घेऊन घुटमळत होती. गजराची गोष्ट वॉर्डात सगळ्यांना ठाऊक झालेली. "व्हट लई सुकल्यात, बाई," ती भीत भीत म्हणाली. "पर नगं. सायेब वरडत्याल."

"लावा," मी म्हटलं. "ओलं फडकं फिरवा ओठांवरून. कोण ओरडतो बघू."

थोरले डॉक्टर आले, दाराशी थांबले. भात्यावरचे गडी, खाली सांडलेला भाकरीचा चुरा, सासूच्या हातातला तांब्या, सगळं त्यांनी पाहिलं. "मढ्याला कसला वारा घालताय?" ते म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी मढ्यानं पापणी हलवली. त्यानंतर बोट. मग एका दुपारी नळी काढली, आणि घसा जरा मोकळा झाल्यावर हौसा पहिलं बोलली ते हे:

"बाई, समदं ऐकू येत हुतं मला. डोळं तेवढं उघडत नव्हतं. सायेब मढं म्हनले तवा लई राग आला. वाटलं, वरडून सांगावं, जित्ती हाय म्या! पर व्हटसुदिक हलंना." मग ती म्हणाली, "आत्याबाईंनी व्हटाला पानी लावलं, तेवढंच ग्वाड वाटलं बगा."

हौसाकडचे लोक हसत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मी मात्र कॉटची दांडी धरून उभी राहिले. मला ऐकू येत होता तो दुसरा आवाज: तूच मारलीस तुझी पोरगी.

मध्ये देश स्वतंत्र झाला, भोरचं संस्थान गेलं. थोरले डॉक्टर आता पुण्याला असतात आणि सभांतून खेड्यातल्या आरोग्यावर बोलतात. मोठाल्या इस्पितळांत आता चांगल्या नळ्या येतात म्हणे. येवोत. आमच्याकडे अजून मी हातमोज्याची बोटं कापते. मी कोंडाबाईकडे त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जाऊन सांगून आले होते की तुमची चूक नव्हती. ती मान डोलवायची. मोठ्या माणसांनी समजूत घातली की डोलवतात तशी. परवा ती खोकल्याची बाई बोलून गेली आणि मला कळलं, माझं सांगणं वाऱ्यावर गेलं होतं.

काल मी किकवीला गेले. पिशवीत ती जुनी कडक नळी, बूड फुटलेली काच आणि नीळ. कोंडाबाई खळ्यावर पाखडत होती. मला बघून तिनं सवयीनं घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं, बाईंस्नी पानी आन!" मी म्हटलं, नको, आधी हे बघा.

खळ्याच्या कडेला बसून मी फुगा फुगवला, वर नीळ ओतली आणि हात मागे घेतले. निळी रेघ चुणीतून उतरली आणि खळ्याच्या सारवणावर थेंब पडला. "हे तिच्या तोंडातलं तिचंच पाणी," मी म्हटलं. "लाळ. तुम्ही ओठाला लावलं ते ओठावरच राहिलं. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही ते पुसून घेतलंत."

कोंडाबाई त्या निळ्या डागाकडे बघत राहिली. मग मी तिला हौसाचं सांगितलं. सगळं ऐकू येत होतं, आणि ओठावरचं पाणी गोड लागलं.

"म्हंजी माज्या गजरीला कळलं आसंल? म्या पानी लावलेलं?"

"कळलं असेल."

तिचा चेहरा उजळला, कफ सुटला म्हणाली होती तेव्हा उजळला होता तसाच. आणि माझ्या डोळ्यांदेखत विझला. मला ठाऊक होतं ती आता काय विचारणार.

"मंग त्येबी ऐकलं आसंल तिनं. सायेब म्हनले त्ये."

खोटं बोलावं असं फार वाटलं. "ऐकलं असेल," मी म्हटलं. "पण कोंडाबाई, तुम्ही पाजलं नाहीत, हे साऱ्या वॉर्डात जर कोणाला पक्कं माहीत असेल तर ते गजराला. पाणी तिच्या ओठावर होतं. ती सांगणार होती. तिला सांगता आलं नाही."

आपल्या आईच्या बाजूनं साक्ष द्यायला ती एकटी होती, आणि तिला पापणी उचलता येत नव्हती. याचा राग मी कुणावर काढू? ज्यावर काढावा तो माणूस पुण्याला सभेत बोलतो आहे.

सून तांब्या घेऊन आली. कोंडाबाईनं तो तिच्या हातातून घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि मग माझ्यापुढे केला. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"घ्या, बाई," ती म्हणाली.

मी प्याले. तांब्या रिकामा केला आणि अजून मागितलं.